रानरेडकाचं शिंग

"आता हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही," थानेश्वर म्हणाला. त्याने बांबूचं पेर कोयत्याने मधोमध चिरलं, गाठीपर्यंतच, आणि नातवाच्या हातात दिलं. "पण या शिंगाची गोष्ट खरी आहे. लुईत नदीच्या पाण्याची शपथ."

"कोका, कालच्या माशालाही लुईतचीच शपथ होती," सात वर्षांचा दिगंत म्हणाला. आजोबाला ही पोरं कोका म्हणत. दिगंतने चिरलेला बांबू तळव्यावर आपटून पाहिला. बांबूचा हा टाळ, टोका, टकटक बोलायला लागला.

"तो मासा वेगळा. तगर, ये गं बाई, तूही एक टोका कर."

तगर आली नाही. दोन वर्षांनी मोठी असलेली ही नात सकाळपासून फाटकाशीच होती. रस्त्यावर घंटा वाजली की धावायची, दुसऱ्याची गुरं पाहून परत फिरायची. उद्या गोरू बिहू, गुरांचा सण. गावातलं एकूण एक जनावर नदीवर नेऊन उडीद-हळद चोळून न्हाऊ घालायचं. घरच्या म्हशीसाठी, काजलीसाठी, तगरने भोपळ्याच्या आणि वांग्याच्या फोडींची माळ ओवून ठेवली होती.

"काजली बेटावर चरायला गेलीय, बिहूच्या आत येते बघ," असं थानेश्वरनेच तिला सांगितलं होतं. त्याला महिना झाला. काजली तळ्याच्या गाळात रुतून मेली होती. दावं ज्याला बांधत ते तिचं शिंग त्याने शेजाऱ्याच्या अंगणात चोरून उकळलं, टोक कापलं, घासून काळंभोर केलं. विकवेना आणि पुरवेना, म्हणून त्याचा पेपा, म्हणजे शिंगाचा पावा, करायला घेतला. बिहूला पेपा फुंकायचा असतोच. पोरं वाजवण्यात रमली की म्हशीची वाट पाहायची विसरतील, असा त्याचा हिशेब.

"तर मी वीस वर्षांचा. होडी घेऊन निघालो. नदीच्या मधोमध नवंच बेट! वर पिवळीधमक मोहरी, चार झोपड्या, एक न्हावीसुद्धा. मी उतरलो, चुलीला काटक्या लावल्या, आणि बेट शिंकलं."

"बेट?"

"बेट कसलं, रानम्हैस! पाठीवर अख्खं गाव वसलेलं, तिला पत्ता नाही."

"मग मोहरी कापली कोणी?"

"तिनेच. शेपटीने झोडली."

दिगंत खिदळला. फाटकाबाहेर पुन्हा घंटा वाजली. तगर धावली. थानेश्वरचा हात थांबला, आणि ती परतल्यावर पुन्हा चालू झाला. तिने या खेपेला माळ हातात घेतली होती. एक फोड निसटून धुळीत पडली.

"कोका, उद्या सकाळपर्यंत येईल ना ती?"

"येईल, येईल. आधी हे धर बघू, मला नळी बसवायचीय."

तगरने माळ मनगटात अडकवली आणि शिंग दोन्ही हातांनी धरलं. थानेश्वर बारीक तोंडात बोरूची नळी फिरवू लागला. नळी नीट बसेना. तो घाईघाईने बोलत राहिला.

"पण एवढी मोठी म्हैस आणि शिंग एवढंसं?" दिगंतने टोका वाजवत विचारलं.

"अरे हे तिचं नाही, तिच्या रेडकाचं. त्याला डोकं जड व्हायचं. म्हणाली, एक काढून ने बाबा. अस्सल रानातलं पोर, जन्मात कधी माणसाचा हात लागला नव्हता."

दिगंतने मान डोलावली. त्याला पटलं होतं.

तगरचं बोट शिंगाच्या रुंद तोंडाच्या कडेवरून हळूहळू सरकत गेलं आणि एका जागी अडकलं. तिथे खाच होती, गुळगुळीत, बोटाएवढी रुंद, वर्षानुवर्षं घासून पडलेली. तिने बोट तिच्यात पूर्ण बसवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

"खोटं," ती म्हणाली.

"काय खोटं? लुईतच्या—"

"रानातल्या रेडकाला दावं कोणी बांधलं होतं, कोका?"