पाठीमागचा हात

दूरच्या मोठ्या संगणकाला तारेनं जोडायचं ते जुनं यंत्र भंगारातून झरीजवळच्या वस्तीशाळेत आलं होतं. नुसता जाड काचेचा पडदा आणि कळफलक. पोरांना दाखवायला म्हणून निवृत्त गोपीचंद गुरुजी तीन दिवस ते दुरुस्त करत होते.

सातवीतल्या निकिताचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. "गुरुजी, लेकरू तुमच्या हवाली," असं आई सांगून गेली, म्हणून सुट्टीतही ती त्यांच्याजवळच असे.

"बंद यंत्रातसुद्धा वीज साठून राहते. काम करताना एक हात पाठीमागे धरायचा, म्हणजे झटका काळजातून जात नाही," गुरुजी म्हणाले.

"मी तर लांब हाय की!" पडद्यासमोर उभ्या निकितानं हसत आपलाही एक हात पाठीमागे घेतला.

गुरुजींनी टेबलापलीकडे, यंत्रामागे वाकून बटण दाबलं. पडदा हिरवा उजळला.

"काय आलं गं?"

"वेटिंग. कुणाची वाट बघायलंय हे?"

"कुणाचीच नाही. मोठ्या संगणकाची वायर कुठं जोडलीय?"

वायरचं दुसरं टोक त्यांच्यासमोरच धुळीत पडलं होतं.

"आता कनेक्टेड आलं, गुरुजी."

गुरुजींनी टोकाकडे पुन्हा पाहिलं. ते मोकळंच होतं. वर्गात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"लय गार हाय हो तुमचा हात," पडद्यावरची नजर न काढता निकिता म्हणाली. "सोडा की आता."

गुरुजींचा एक हात यंत्रात होता. दुसरा त्यांच्या पाठीमागे, रिकामा.