आधी कोणाची गाडी

ट्युनिशियातल्या बेटावर लेकीकडे आलेल्या वडिलांच्या छातीत कळ आली. इस्पितळ आणि गाव, दोन्ही खाडीपलीकडे. मुलगा लसाद त्यांना घेऊन धक्क्यावर आला, तर फेरीबोटीसाठी गाड्यांची ही लांबलचक रांग.

"मी नॉर्वेत असतो. आजारी माणसाची गाडी तिथे सगळ्यात आधी बोटीत घेतात," तो गाड्या चढवणाऱ्या मुन्सिफला म्हणाला.

"मग म्हाताऱ्याला तिकडेच आजारी पाडायचंस. इथे घाई सगळ्यांनाच आहे."

तिसरी बोट लागायच्या आत वडिलांनी मागच्या सीटवर प्राण सोडला.

कळताच मुन्सिफ धावत सुटला. बॉनेटं बडवत त्याने चाळीस गाड्या बाजूला काढायला लावल्या आणि लसादची गाडी पहिली चढवली.

 

"मय्यत आमच्याकडे रांगेत थांबवत नाहीत, भाऊ. तुझ्या नॉर्वेत आहे का असं?"