चौथी चिंधी

इंजिन धापा टाकत होतं आणि आपिसाई वाकून, इंजिनाला हवा पुरवणाऱ्या मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी थेंबथेंब सोडत होता. तिसऱ्या नळीच्या बुडाशी थेंब पडला, तसा तो आत ओढला गेला. क्षणभर इंजिनाचा श्वास सरळ झाला.

"सापडलं. इथून चोरून हवा घेतंय."

त्याचा मेहुणा इसिकेली शेजारी उकडलेला कसावाचा कंद खात उभा होता. गाडी त्याचीच. शनिवारी सकाळी म्हाताऱ्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी राजधानीत, सुवाला न्यायचं होतं, आज गुरुवार. तोवर होईल का, हे त्यानं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"होईल. पण स्टिअरिंगमागे तुझं बेचाळीस इंची पोट बसवायचं काम माझ्याकडे नाही."

"जळता, दाजी. तुमचा पट्टा शाळेतल्या पोराचा वाटतो. ताई जेवायला घालते की नुसती प्रार्थनाच?"

आपिसाई हसला. मेहुण्यानं टर उडवायची आणि आपण हसायचं, हा गावाचा रिवाज. त्यात राग धरणं वाईट दिसतं.

बोल्ट सोडवून त्यानं मॅनिफोल्ड उचलला. खाली इंजिनाची चार तोंडं उघडी पडली. एखादा नट आत गेला तर इंजिनच गेलं, म्हणून त्यानं चिंध्या मागितल्या. इसिकेलीनं डिकीतून मूठभर आणून दिल्या. निळं कापड, त्यावर पांढरा चाफा, धुवायलाही न गेलेलं.

"अरे, हे तर कोरं आहे."

"बायकांनी शिवायला काढलंय काहीतरी. भजनी मंडळाचं असेल." इसिकेलीनं डिकी लावली. "कोंबा, दाजी. माश्या बसताहेत."

आपिसाईला त्यात नवल वाटलं नाही. लग्न असो, मयत असो की चर्चचा सण, घरच्या सगळ्यांनी एकाच ताग्यातलं कापड घालायचं, त्यामुळे गावात कुठे ना कुठे मशीन चालूच असायची. सलोते, त्याची बायको, आठवडाभर शिवणाची टोपली घेऊन भावाकडेच जात होती. चार तोंडं, चार चिंध्या, असं मोजून त्यानं त्या कोंबल्या.

मग अंगणात बसून, गोंद भरण्याआधी तो मॅनिफोल्डचा तडा घासू लागला. हात चालू असला की त्याचं मन लितियाकडे जायचं. एकुलती एक लेक. हॉटेलात गिटार वाजवणाऱ्या पोराशी लग्न करीन म्हणाली, तेव्हा "दाराबाहेर हो," असं तो तिला म्हणाला होता. दोन वर्षं झाली. ईस्टरला पाळकांनी क्षमेवर तास दीड तास गाऊन प्रवचन केलं, सगळी मंडळी सूर धरून रडली, आणि आपिसाईनं घरी येऊन पत्र लिहिलं. ये, त्यालाही घेऊन ये, चूक माझी होती. दमट हवेत पाकीट चिकटेना, म्हणून त्यानं इंजिनाच्याच करड्या गोंदाचा ठिपका लावला. इसिकेली दर आठवड्याला भाजी घेऊन सुवाला जायचा. पत्र त्याच्याच हाती दिलं.

"काही म्हणाली का रे ती?"

"वाचते म्हणाली." इसिकेली तड्याकडे बघत होता. "घाई करू नका, दाजी. तुम्हीच म्हणता ना, गोंदाला वेळ द्यावा लागतो."

आपिसाईनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाला, "शनिवारी मीही येतो. नुसतं तिच्या दारापर्यंत."

परतताना आईला आडवं पडावं लागेल, मागची सीट तिलाच पुरणार नाही, पुढे ताई बसेल, असं इसिकेलीनं समजावलं. पुढच्या खेपेला नक्की नेईन म्हणाला.

शनिवारी उजाडताच आपिसाईनं चिंध्या काढल्या, सांध्यात नवं गॅस्केट ठेवून मॅनिफोल्ड बसवला आणि मधल्या बोल्टपासून बाहेरच्याकडे कसत गेला. इसिकेलीची बडबड अखंड चालू होती. किल्ली फिरवली, तर इंजिन झोपलेल्या बाळासारखं संथ.

सासूनं त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मोतीबिंदू पिकलाय, असं त्याला वाटलं. सलोतेनं त्याची कॉलर उगाचच नीट केली. बॉनेटवर हात ठेवून आपिसाईनं प्रवासासाठी प्रार्थना म्हटली. सगळे आमेन म्हणाले, सलोतेचं त्याला ऐकू आलं नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर तो हत्यारं आवरू लागला. चिंध्या मोजल्या. तीन.

चौथी आतच राहिली असेल, तर सपाटीवर कळणार नाही. चढावर इंजिन ती ओढून घेईल, आणि गाडीत म्हातारी. त्यानं बाकाखाली पाहिलं, गवतात पाहिलं, मग घरात. पलंगाखाली सलोतेची टोपली राहिली होती आणि तिच्यातून निळं टोक डोकावत होतं.

"देवा, उपकार तुझे," म्हणत त्यानं ते ओढलं. कापड येतच राहिलं. हातभर, वावभर. तेलाचा डाग कुठेच नव्हता. त्यानं मागचा खिसा चाचपला. चौथी चिंधी तिथेच होती, ओली, काळी. तेच निळं, तोच चाफा.

कापडाबरोबर मापांची वही खाली पडली होती. खूण म्हणून तिच्यात पाकीट घातलेलं. पाकिटावर त्याचंच अक्षर, मागे करडा ठिपका, जसाच्या तसा. पान उघडंच होतं. वर आजची तारीख, सुवाच्या एका चर्चचं नाव, आणि खाली सलोतेच्या पेन्सिलीत एकेक माप. नवरी, लितिया. नवरीची आई. नवरीची आजी.

पुढची ओळ दिसताच आपिसाईचा हात आपोआप स्वतःच्या पट्ट्याकडे गेला.

नवरीच्या बापाचा सदरा: पोट बेचाळीस.