रिकामी पानं

महालक्ष्म्यांचं पुरण वाटता वाटता दमयंतीबाईंनी लेकीला विचारलं, "तू दुर्बिणीतून मोजतेस तरी काय?"

"आकाशगंगांचे पुंजके. एक्स-रेमध्ये लखलखतात, म्हणून मोजता येतात. पूर्वी भराभर जमायचे, आता जमणं मंदावलंय. कुठली तरी शक्ती सगळ्यांना लांब सारतेय."

"दिसते ती?"

"नाही गं. जमायला हवे होते तेवढे जमले नाहीत, त्यावरूनच कळतं."

काही वर्षांपूर्वी बिडकीनच्या घरच्या जमिनीची वाटणी झाली आणि मागोमाग दुष्काळ पडला. "तुमच्याकडं आठ दिवसांनी नळ येतो, कशाला त्रास," म्हणत दोन्ही दीर सणाला येईनासे झाले. यंदा शहराला पाणी पुरवणारं जायकवाडी धरण काठोकाठ भरलं होतं. दमयंतीबाईंनी हौसेनं सगळ्यांची पानं मांडली.

दुपार कलली तेव्हा त्यांनी दिरांची रिकामीच राहिलेली पानं उचलायला घेतली.

"मनू," त्या म्हणाल्या, "पाण्याचं नव्हतं गं ते काही."