वीटभट्टीच्या मागे

"जावई येईलच इतक्यात," ब्लाझेंका म्हणाली आणि मागचं दार तिनं उघडंच ठेवलं.

जावई आयर्लंडमध्ये होता. मुलगीही तिकडेच. पण समोर बसलेल्या माणसाला ते कळायची गरज नव्हती. नेबोयशा आठवीपर्यंत तिच्या वर्गात होता. भूमितीची सगळी प्रमेयं तिनं त्याच्याच वहीतून उतरवली होती. मग युद्ध झालं. ती क्रोएट, तो सर्ब. युद्धानंतर तो नदीपलीकडे, सर्बियात राहायला गेला आणि तेहेतीस वर्षांत त्याची साधी खबर नव्हती. काल अचानक फोन आला, "उद्या कॉफीला येऊ का?"

येताना त्यानं रीतीप्रमाणे अर्धा किलो कॉफी आणि चॉकलेट आणलं होतं. पिशवी न उघडताच तिनं ती बाजूला सारली आणि घरातलीच कॉफी उकळली.

"केस पिकले गं, ब्लाझा."

"तुझे तर गेलेच."

दोघंही हसली. त्याचं हसू आधी थांबलं.

"शाळेत स्वयंपाक केलास म्हणे वीस वर्षं? तू? केक जाळून बाईंना रडवलं होतंस!"

"तेवीस वर्षं. कुणी मेलं नाही."

तो विचारत राहिला. नातवंडं किती, गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, छपराला नवी कौलं कधी घातली. ब्लाझेंका तुटक उत्तरं देत होती. मागच्या वर्षी शेजारच्या कातित्साकडे असाच एक जुना ओळखीचा आला होता. केकचे तीन तुकडे खाल्ले, खूप गप्पा मारल्या आणि जाताना खिशातून कागद काढला. युद्धात या माणसानं कुणाला त्रास दिला नाही, एवढं लिहून सही कर म्हणाला. तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्याच बायका सावध होत्या. ब्लाझेंकाची नजर नेबोयशाच्या कोटाच्या खिशावरून हलत नव्हती.

"आणि तू काय केलंस इतकी वर्षं?"

"ट्रक चालवला. आता पेन्शन. मुलगा आहे एक, बोलत नाही माझ्याशी."

"आणि त्याच्या आधी? इथं होतास तेव्हा?"

"तुला माहितेय की. वीटभट्टीवर होतो. माती खोदायचं मशीन चालवायचो."

"त्या ऑक्टोबरातही?"

त्यानं कप खाली ठेवला.

"आई कुठंय तुझी?"

"गेली. दोन वर्षं झाली. मी काय विचारलं, नेबोयशा?"

"त्या ऑक्टोबरातही," तो म्हणाला. "आमच्याच सैनिकांनी घरातून उचलून नेलं मला. मशीनवर बसवलं. म्हणाले, खण."

त्याच ऑक्टोबरात ब्लाझेंकाच्या धाकट्या भावाला, दावोरला, तळघरातून बाहेर काढून नेलं होतं. चोवीस वर्षांचा होता. त्याचं पुढं काय झालं, कुणीच सांगितलं नाही. कुठंही हाडं सापडली की आई धुतलेले कपडे घालून बघायला जायची. हाडं जुळवायला तिनं रक्तही देऊन ठेवलं होतं.

"दावोर?" ब्लाझेंकानं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आई होती तेव्हा का नाही आलास रे?"

"तेव्हा माझीही होती. याच गावात, चर्चच्या मागं, एकटी. मी तोंड उघडलं असतं, तर आमच्याच माणसांनी तिला जगू दिलं नसतं. यंदा फेब्रुवारीत गेली ती."

"तू मशीनच चालवलंस ना फक्त?"

"फक्त."

तो शब्द तिला फार छोटा वाटला. ती बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग उठली.

"चल. दाखव."

गाडी तिनं चालवली. फोन मांडीवर होता. तो शेजारी बसून वाट सांगत होता आणि ती प्रत्येक वळणावर आरशात पाहत होती, मागं दुसरी गाडी तर नाही ना. वीटभट्टी कधीच बंद पडली होती. मागच्या शेतातलं बीट नुकतंच काढलेलं होतं आणि चिखल घोट्यापर्यंत येत होता. चराच्या कडेनं तो बराच आत गेला आणि एकाएकी थांबला.

"इथून पुढं मी येत नाही."

ती मुद्दामच उजवीकडे चालू लागली.

"तिकडे नाही!" तो ओरडला. "डावीकडे. डावीकडे, ब्लाझा."

ती डावीकडे वळली. मागं वळून त्याचा चेहरा बघत एकेक पाऊल टाकत गेली. दहा, अकरा, बारा. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. ती थांबली.

बेपत्ता माणसांच्या कचेरीचा नंबर तिला पाठ होता. तिनं भट्टीचं नाव सांगितलं, शेत सांगितलं. "हो, साक्षीदार इथंच आहे. नाही, जात नाहीये कुठं. मी बघतेय ना त्याच्याकडे." तिनं फोन त्याच्यासमोर धरला. त्यानं आपलं पूर्ण नाव सांगितलं, आईवडिलांची नावं सांगितली, पत्ता सांगितला. आवाज अजिबात हलला नाही.

फोन बंद झाला. आता कचेरीची गाडी यायची वाट बघायची होती. दोघं चिखलात उभी होती, मध्ये बारा पावलं.

तिच्या मनातून एक शंका अजून जात नव्हती.

"तिथं कितीतरी माणसं आणली असतील. त्यात तू दावोरलाच कसा ओळखलास?"

"मी नाही ओळखलं. त्यानं मला ओळखलं. हाक मारली."

"काय म्हणाला?"

नेबोयशानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"'ब्लाझाला सांग,' म्हणाला."

"काय सांग?"

"पुढचं बोलू दिलं नाही त्याला."