कट्ट्यावरचं दूध

म्हाताऱ्या चित्त्या कुत्र्याला आता उठताही येत नव्हतं. "इंजेक्शन देऊन सोडवूया त्याला," डॉक्टर म्हणाले. रेवणसिद्धआण्णांनी बायकोला, महादेवीला सांगितलं, "कट्ट्यावरचं दूध सोडंल त्या दिवशी बघू."

रोज संध्याकाळी आण्णा कुत्र्याला स्कूटरवर घालून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायचे. समोरच म्हशीची धार काढून दिलेला दुधाचा पेला त्याच्या तोंडाशी धरायचे. आण्णांना स्वतःला दुधाचा वाससुद्धा सोसायचा नाही.

आजही चित्त्याला उचलून ते घरात आले.

"पिला का?" महादेवीनं विचारलं.

"पिला की. सगळा पेला मोकळा केला."

ती जवळ आली.


"उद्या डॉक्टरास्नी बोलवा," असं म्हणून तिनं पदरानं आण्णांच्या मिशीवरचा दुधाचा फेस पुसला.