कुणाचं काही राहिलंय का?

शरणप्पा गेले, पण गिरणीसाठी महामंडळाकडून घेतलेलं त्यांचं जुनं कर्ज मागं राहिलं. वसुलीची मुदत सोमवारी संपत होती. त्याआधी घरच्यांनी कर्ज लेखी कबूल केलं असतं, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती आणि गिरणी गेली असती. वसुली अधिकारी रेणुकादासांना हे पाठ होतं, म्हणूनच रविवारच्या दिवसकार्याला मुखेडला जायचं ते टाळत होते. पण शरणप्पांच्या पत्नी रत्नम्मांनी निरोपावर निरोप धाडले.

पंगत बसली. रिवाजाप्रमाणे मुलगा हात जोडून उभा राहिला. "आप्पांकडं कुणाचं काही राहिलं असंल, तर आत्ताच सांगा. आम्ही फेडू."

 रत्नम्मा हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं घेऊन रेणुकादासांसमोर थांबल्या.

"साहेब, तुमचं?"

"काही नाही, मावशी."

नोकरीतलं पहिलं खोटं ते भरल्या पानावर बोलले.

रत्नम्मांनी डावभर हुग्गी वाढली आणि हळूच म्हणाल्या, "सरकारचं सुटलं, साहेब. आता तुमचं देणं लागलं. ह्याला मुदत किती?"